तीननंतर सात!

बालवाडीतल्या पोराला विचारा, तीननंतर काय येते? मराठीत विचारले तर 'चार' म्हणेल, कानडीत विचारले तर 'नाल्कु' म्हणेल. पण हाच प्रश्न १९९७ साली अमेरिकेतल्या एखाद्या व्हिडिओ गेमवेड्या मुलाला विचारला असता, तर त्याने बिनदिक्कत 'सात' असे उत्तर दिले असते आणि ते बरोबरही धरावे लागले असते. त्याने १९९४ साली 'फायनल फँटसी' या खेळाचा तिसरा भाग घेतला होता. त्यानंतर दुकानात जो मोठा नवा भाग आला, त्याच्यावर ठळक रोमन आकड्यात सात लिहिले होते. मग मधले चार, पाच आणि सहा गेले कुठे? गंमत अशी की सहावा त्याच्या कपाटातच होता. त्यालाच तो इतकी वर्षे तिसरा म्हणत होता!

हा घोळ आमच्या घरात शिरला तो माझ्या भाच्यामुळे. माझी बहीण धारवाडला एका कानडी घरात दिली आहे. भाचा आईशी मराठीत बोलतो, अज्जांशी कानडीत आणि भांडायचे असेल तर दोन्ही भाषांत. तेरा वर्षांचा आहे. आजकालच्या मोबाइलवरच्या खेळांत त्याचा जीव रमत नाही, त्याला जुने खेळ हवेत. त्याच्या बाबांनी कुणाकडून तरी जुने सुपर निन्टेंडो यंत्र मिळवून दिले, तेव्हापासून वाढदिवस असो की भाऊबीज, जमलेला पैसा कॅसेटीतच जातो. 'फायनल फँटसी' पहिल्यापासून ओळीने खेळायचे असे त्याने ठरवले. पहिले दोन भाग त्याने नव्या रूपात खेळून संपवले आणि परीक्षेत चांगले गुण मिळाल्याबद्दल अज्जांनी दिलेले पैसे घालून एका विक्रेत्याकडून 'तिसऱ्या'ची अमेरिकन कॅसेट मागवली. ती निघाली सहावी. परत घ्या म्हटले तर विक्रेता म्हणतो, "कव्हरवर तीनच लिहिले आहे, मी काय खोटे दिले?" अज्जांनी चष्मा लावून कॅसेट उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "मूरु अंत बरदारल्ला, मत्त आरु ह्यांग आगतद?" त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्याच रात्री मला फोन आला. "मामा, तू इतिहास शिकवतोस ना? मग सांग, इदु मूरनेदा, आरनेदा?"

मी शाळेत इतिहास शिकवतो हे खरे. आमच्याकडे पहिला पुलकेशी, दुसरा पुलकेशी, पहिला बाजीराव, दुसरा बाजीराव असा सगळा रोखठोक हिशेब असतो. नर्मदा ओलांडली म्हणून दुसऱ्या बाजीरावाला कोणी पहिला म्हणत नाही. पण पॅसिफिक महासागर ओलांडताना व्हिडिओ गेमचे नेमके असेच व्हायचे, आणि ते कसे हे कळायला जपानपासून सुरुवात करावी लागते.

जपानमधल्या स्क्वेअर कंपनीने पहिला 'फायनल फँटसी' डिसेंबर १९८७ मध्ये काढला. दुसरा १९८८ साली आला, तिसरा १९९० साली, चौथा १९९१ साली, पाचवा १९९२ साली आणि सहावा १९९४ साली. जपानी मुलांना कधीही गोंधळ झाला नाही. अमेरिकेत मात्र पहिला भागच पोहोचला १९९० साली, म्हणजे जपानात तिसरा विकला जात होता तेव्हा. हे खेळ म्हणजे नुसती पळापळ नव्हे. त्यात पानेच्या पाने संवाद असतात आणि ते सगळे जपानीतून इंग्रजीत आणायचे म्हणजे मोठेच काम. दुसऱ्या भागाचे इंग्रजी काम सुरूही झाले होते. त्याला 'डार्क शॅडो ओव्हर पलाकिया' असे भारदस्त उपनाव ठरले होते. पण तेवढ्यात सुपर निन्टेंडो हे नवे यंत्र आले. जुन्या यंत्रावरचा जुना खेळ आता कोण घेणार, असा व्यापारी विचार झाला आणि पलाकियावरची ती काळी छाया पडायच्या आतच विरून गेली.

मग १९९१ साली कंपनीने ताजा चौथा भाग अमेरिकेत नेला. आता त्याला चौथा म्हटले तर गिऱ्हाईक विचारणार, दुसरा आणि तिसरा कुठे आहेत? म्हणून त्याच्यावर 'दोन' असा शिक्का मारला. पाचवा गेलाच नाही. सहावा १९९४ साली गेला, तो अर्थातच 'तीन' झाला. सातव्याच्या वेळी मात्र कंपनीने हे सोंग टाकले आणि जगभर एकच आकडा ठेवला. अमेरिकेतल्या मुलांना वाटले, आपले तीन खेळ बुडाले. तीन बुडाले होते हे खरेच, पण ते होते दुसरा, तिसरा आणि पाचवा. पाचवा इंग्रजीत आला १९९९ साली, दुसरा २००३ साली आणि तिसरा, तोही नव्याने घडवलेल्या रूपात, २००६ साली. म्हणजे १९९० मध्ये दहा वर्षांच्या असलेल्या मुलाला तो सव्विसाव्या वर्षी मिळाला.

माझ्या मते यात लबाडीपेक्षा घाई जास्त होती. या खेळांचे अनुवादक टेड वूल्सी यांना 'सीक्रेट ऑफ मॅना' या खेळाच्या इंग्रजी भाषांतरासाठी अवघे ३० दिवस मिळाले होते. कानडीतून मराठीत साधी कादंबरी आणायला किती महिने लागतात हे आपल्याकडच्या वाचकांना मी सांगायला नको. तरीही आकडा बदलताना पाकिटाच्या मागे एक ओळ छापली असती तर काय बिघडले असते?

भाच्याला मी हे सगळे फोनवरच समजावले. एक दिलासाही दिला, की या मालिकेत प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी, माणसे वेगळी, जगही वेगळे. त्यामुळे सहावा आधी खेळला म्हणून कथेचा धागा तुटत नाही. शिवाय जाणकार मंडळी सहाव्याला मालिकेतल्या उत्तमांत गणतात. अज्जांचे पैसे पाण्यात गेले नाहीत, एवढे मला खात्रीने सांगता आले. पण त्याला तिसराच हवा होता, कारण पात्रांचे 'धंदे' बदलण्याची सोय, म्हणजे आज योद्धा तर उद्या मांत्रिक, तिसऱ्यातच पहिल्यांदा नीट आली. ती सहाव्यात तशी नाही. खट्टू झाला बिचारा. शेवटी २०२१ साली निघालेली नवी आवृत्ती त्याने संगणकावर घेतली. मूळच्या सपाट चित्रांच्या धाटणीतला तिसरा भाग अधिकृतपणे इंग्रजीत आला तो तेव्हाच, एकतीस वर्षांनी!

नाव आधी, बाळ नंतर

आकड्यांपेक्षाही मला जास्त मजा वाटली ती नावांची. चित्रपटाचे जसे आधी एक कच्चे नाव असते आणि पाटीवर दुसरेच चढते, तसे खेळांचेही होते. 'फायनल फँटसी' हेच नाव घ्या. कंपनी बुडायला आली होती, हा शेवटचा डाव म्हणून 'फायनल', अशी आख्यायिका वर्षानुवर्षे सांगितली जाते. निर्माते हिरोनोबू साकागुची यांनी २०१५ साली खुलासा केला की त्यांना फक्त 'एफ एफ' अशी दोन अक्षरे जुळणारे नाव हवे होते. आधी 'फायटिंग फँटसी' ठरले होते, पण त्या नावाचा दुसरा खेळ बाजारात होता. म्हणून 'फायनल'. कंपनीचे दिवस कठीण होते हे तेही मान्य करतात, पण 'एफ'ने सुरू होणारा दुसरा शब्द सुचला असता तर तोही चालला असता म्हणे! आपल्याकडे नाही का, पत्रिकेत अक्षर निघते 'च' आणि मग आत्या चपासून सुरू होणारी नावे शोधत बसते.

त्याच कंपनीची आणखी एक कथा आहे, ती जरा हळवी आहे. १९८७ साली स्क्वेअरने 'सेइकेन देन्सेत्सु', म्हणजे 'पवित्र तलवारीची दंतकथा', या नावाच्या एका भव्य खेळाची घोषणा केली. पाच डिस्कवर मावणारा खेळ! लोकांनी आगाऊ पैसे भरले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना पत्र आले, की खेळ रद्द झाला आहे, आपले पैसे परत करत आहोत. त्याच पत्रात सुचवले होते, की आमचा दुसरा एक खेळ येत आहे, हवा तर तो घ्या. तो दुसरा खेळ होता पहिला 'फायनल फँटसी'. ज्यांनी रागारागाने ते पत्र फाडले असेल, त्यांचे पुढे काय झाले असेल कोण जाणे.

खेळ गेला, पण नाव कंपनीच्या मालकीचे राहिले. पुढे कोइची इशी यांच्या हाताखाली गेम बॉयसाठी एक खेळ तयार होत होता. त्याचे कच्चे नाव 'जेम्मा नाइट्स'. १९९१ साली तो बाजारात आला तेव्हा त्याला हे पडून असलेले नाव दिले आणि ओळख पटावी म्हणून खाली 'फायनल फँटसी'ची पुरवणी जोडली. अमेरिकेत गेल्यावर तो झाला 'फायनल फँटसी ॲडव्हेंचर'. युरोपात गेल्यावर 'मिस्टिक क्वेस्ट'. इथवर ठीक. पण १९९२ मध्ये स्क्वेअरने अमेरिकेतल्या नवशिक्यांसाठी एक वेगळाच सोपा खेळ काढला आणि त्याचे नाव ठेवले 'फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट'. हा युरोपात नेताना पंचाईत झाली, कारण तिथे 'मिस्टिक क्वेस्ट' आधीच होता. मग त्याचे झाले 'मिस्टिक क्वेस्ट लेजंड'. दोन्ही खेळांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही! हा सोपा खेळ जपानात परतला तेव्हा त्याला 'फायनल फँटसी यूएसए' म्हणू लागले. माहेरी आल्यावर मुलीला सासरच्या नावाने हाक मारावी तसे.

'सेइकेन देन्सेत्सु'चा दुसरा भाग तर मुळात चौथा 'फायनल फँटसी' म्हणूनच योजला होता. तो बाजूला काढला, काही काळ त्याला 'क्रोनो ट्रिगर' म्हणत होते, आणि १९९३ साली तो आला तो दुसरी 'तलवार' म्हणून. अमेरिकेत 'सीक्रेट ऑफ मॅना'. 'क्रोनो ट्रिगर' हे रिकामे झालेले नाव १९९५ साली तिसऱ्याच खेळाला मिळाले आणि तो खेळ जगभर गाजला. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला अगदी मापात बसावा तसे.

आणि तिसरा भाग? तो १९९५ साली जपानात आला आणि तिथेच राहिला. परदेशातल्या चाहत्यांनी अखेर स्वतःच खपून त्याचे इंग्रजी भाषांतर केले. अधिकृत इंग्रजी नाव, 'ट्रायल्स ऑफ मॅना', त्याला मिळाले २०१९ साली. चोवीस वर्षे त्याला इंग्रजीत नावच नव्हते, चाहते नुसते 'तिसरा' म्हणायचे. निदान तो खरोखर तिसरा होता.

आई झाली लुईजी

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या मारिओकडे येऊ. घरात टीव्ही गेम नसला तरी हा मिशीवाला नळदुरुस्तीवाला कोणाला ठाऊक नाही? 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा दुसरा भाग जपानात १९८६ साली आला. दिसायला पहिल्यासारखाच, पण कमालीचा अवघड. त्यात विषारी मशरूम होते, जोराचा वारा होता, आणि पुढे उडी मारून आलेल्याला मागे फेकणाऱ्या वाटाही होत्या. अमेरिकेतल्या निन्टेंडोच्या मंडळींनी तो खेळून पाहिला आणि हात टेकले. हा विकला तर मुले रडत बसतील, असे त्यांचे मत पडले.

मग दुसरा भाग आणायचा कुठून? जपानात १९८७ साली निन्टेंडोनेच फुजी टेलिव्हिजनच्या 'युमे कोजो' या मोठ्या उत्सवासाठी 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा एक खेळ केला होता. त्यात एक अख्खे कुटुंब होते. इमाजिन नावाचा मुलगा, त्याची मैत्रीण लिना, आई आणि बाबा. भाजी उपटायची आणि शत्रूवर फेकायची असा तो खेळ. निन्टेंडोने या चौघांचे चेहरे पुसून मारिओच्या मंडळींचे चढवले आणि १९८८ साली तो अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून विकला. इमाजिनचा झाला मारिओ. हवेत तरंगणाऱ्या लिनाची झाली राजकन्या. सगळ्यात वजनदार सामान चटकन उचलणारे बाबा झाले छोटा टोड. आणि सगळ्यात उंच उडी मारणारी आई? ती झाली मिशीवाला लुईजी!

कुटुंबाच्या पानावर लिहितो आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मूळ जपानी खेळ पूर्ण संपवायचा तर चौघांनाही, एकेकाला घेऊन, सगळे टप्पे पार करावे लागत. आई मागे राहिली तर खेळ संपत नसे. मारिओच्या आवृत्तीत ही अट काढून टाकली. कोणताही एक गडी घेतला की झाले. मला मूळचा नियम जास्त आवडला. पण लुईजीचे ते पाय हवेत झाडत उडी मारणे इथूनच रूढ झाले, हे विसरून चालणार नाही.

हा अमेरिकन 'दुसरा' १९९२ साली जपानात गेला तो 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने. आणि जपानी 'दुसरा' १९९३ साली अमेरिकेत आला तो 'द लॉस्ट लेव्हल्स', हरवलेले टप्पे, या नावाने. ते हरवले कधीच नव्हते, टोकियोत सात वर्षे उघड विकले गेले होते.

पाटी एकाची, घर दुसऱ्याचे

नव्वदच्या दशकात मी बेळगावात शिकत असताना गल्लीबोळांत तासावर टीव्ही गेम खेळायला मिळत. निन्टेंडोच्या नकला असलेली ती यंत्रे आणि त्यांच्या त्या पिवळ्या कॅसेटी. वर छापलेले असे '९९९ इन १', आत खेळ मोजून पंधरा-वीस, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या क्रमांकाने. त्यात झावळ्यांचा घागरा नेसलेला, टोपी घातलेला एक गोरा माणूस दगडी कुऱ्हाडी फेकत धावायचा आणि फळे खाल्ली नाहीत तर मरायचा. आठवला? तो 'ॲडव्हेंचर आयलंड'.

तो मुळात सेगाचा 'वंडर बॉय' नावाचा १९८६ सालचा खेळ. घडवणाऱ्या छोट्या कंपनीकडे खेळाचे हक्क होते, पण 'वंडर बॉय' हे नाव आणि नायक सेगाचा. त्यामुळे हडसन कंपनीने खेळ घेतला, नाव सोडले आणि नायकाच्या जागी स्वतःच्याच एका कर्मचाऱ्याला बसवले. ताकाहाशी मेइजिन नावाचा हा गृहस्थ सेकंदाला सोळा वेळा बटण दाबतो म्हणून जपानी पोरांत प्रसिद्ध होता. आपण ज्याला खेळवत होतो तो खराखुरा माणूस होता, हे मला फार उशिरा कळले.

पुढे 'वंडर बॉय'च्या आकड्यांनी तर कहर केला. १९८८ साली 'वंडर बॉय ३: मॉन्स्टर लेअर' आला आणि १९८९ साली 'वंडर बॉय ३: द ड्रॅगन्स ट्रॅप'. दोन तिसरे! दुसरा ड्रॅगनवाला तिसरा जपानात पोहोचला तो 'मॉन्स्टर वर्ल्ड २' म्हणून. १९९१ साली जो आला त्याचे जपानी नाव होते 'वंडर बॉय ५: मॉन्स्टर वर्ल्ड ३'. एकाच पाटीवर पाच आणि तीन, दोन्ही. ब्राझीलमध्ये त्यातला नायकच काढून तिथल्या चित्रकथांमधली मोनिका नावाची मुलगी घातली. इथे मात्र क्रम जाणणे गरजेचे आहे, कारण 'ड्रॅगन्स ट्रॅप' सुरू होतो तोच आधीच्या 'मॉन्स्टर लँड'च्या शेवटच्या लढाईपासून. दोन तिसऱ्यांपैकी भलताच हाती लागला तर गोष्टीचे डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे.

'स्ट्रीट फायटर'बद्दल थोडक्यात सांगतो. १९९१ साली दुसरा भाग आला, त्याच्या १९९४ पर्यंत चॅम्पियन, हायपर, सुपर, सुपर टर्बो अशा आवृत्त्या निघत राहिल्या. तिसरा आला १९९७ साली. कॅपकॉमला तीन मोजता येत नाही असा विनोद तेव्हा रूढ झाला. त्यातल्या मुष्टियोद्ध्याचे जपानी नाव 'एम. बायसन' हे माइक टायसनच्या फारच जवळचे होते. कोर्टकचेरी नको म्हणून अमेरिकेत तीन खलनायकांची नावे आपसात फिरवली. त्याच काळातला 'फायनल फाइट' हा खेळ आधी 'स्ट्रीट फायटर ८९' म्हणून दाखवला होता. यंत्रे चालवणाऱ्यांनी 'याचा त्याच्याशी काय संबंध?' म्हणून विचारले आणि नाव बदलले.

आपल्या घरातल्यांना हे परके वाटायचे कारण नाही. 'कांतारा' आपण २०२२ साली पाहिला आणि 'चॅप्टर १' २०२५ साली.

कोणी मुलांसाठी जुनी कॅसेट घेणार असेल तर विक्रेत्याला आकडा विचारू नका, सुरुवातीच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत छापलेले साल विचारा. १९९४ असेल तर तो 'तिसरा' म्हणजे सहावा. 'ड्रॅगन वॉरिअर' असे नाव दिसले तर तो 'ड्रॅगन क्वेस्ट'च समजा. तिथे आकडे खरे आहेत, फक्त त्या नावाचा दुसरा खेळ अमेरिकेत आधीपासून असल्यामुळे २००५ पर्यंत नाव बदलून चालवले होते.

राहता राहिला 'मॉन्स्टर वर्ल्ड ४'. हा १९९४ सालचा खेळ, तेव्हा फक्त जपानात आला. यातली नायिका हिरव्या केसांची, सलवार घातलेली एक मुलगी आहे आणि तिचे नाव चक्क आशा आहे. २०२१ साली हा खेळ नव्याने घडवून जगभर विकला, तेव्हा मालिकेची ओळख राहावी म्हणून जुने नाव पुन्हा पुढे जोडले. पाटीवर आता असे लिहिले आहे: 'वंडर बॉय: आशा इन मॉन्स्टर वर्ल्ड'.